अमेरिकेशी व्यापारयुद्ध लांबले, तर जमीन आणि पाणी आधीच अपुरे असलेला चीन आपल्या 140 कोटी लोकांना पोसू शकेल का?

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की माणसांच्या पोटापुरते धान्य चीनकडे आहे आणि व्यापारयुद्ध कितीही लांबले तरी तेथे भात किंवा गहू यांवाचून कोणी उपाशी राहण्याची शक्यता फार कमी आहे. मात्र डुकरे, कोंबड्या आणि मासे यांना पोसण्याइतके धान्य चीनकडे नाही आणि आहे त्या जमिनीत ते कधी पिकेल असेही दिसत नाही. पशुखाद्याचे मिश्रण ठरवणे हा माझा रोजचा उद्योग असल्यामुळे मी या विषयाकडे ताटापेक्षा गोठ्याच्या बाजूने पाहतो, आणि माझ्या मते तिकडूनच तो अधिक स्पष्ट दिसतो.

आधी जमिनीचा हिशेब पाहू. जगाच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ पाचवा-सहावा हिस्सा चीनमध्ये राहतो, पण जगातील लागवडीयोग्य जमिनीपैकी दहा टक्क्यांहूनही कमी आणि गोड्या पाण्यापैकी सुमारे सहा टक्केच त्याच्या वाट्याला आले आहे. 2019 च्या भूमी सर्वेक्षणानुसार तेथील शेतजमीन सुमारे 12.8 कोटी हेक्टर होती, म्हणजे माणशी हेक्टरचा दहावा भागसुद्धा पुरता येत नाही. शेतजमीन 12 कोटी हेक्टरांच्या खाली जाऊ द्यायची नाही, ही ‘लाल रेषा’ सरकारने 2006 पासून आखून ठेवली आहे. एवढ्या जमिनीत 2024 साली 70.65 कोटी टन धान्य पिकले. सत्तर कोटींचा टप्पा त्या वर्षी प्रथमच ओलांडला गेला. चिनी आकडेवारीत ‘धान्य’ या सदरात सोयाबीन आणि कंदमुळेही मोजली जातात, हे ध्यानात ठेवलेले बरे, नाही तर इतर देशांशी तुलना करताना गफलत होते. तरीही भात आणि गहू या दोन्ही पिकांत देशाची गरज जवळपास पूर्णपणे घरच्या उत्पादनातून भागते. शिवाय अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजांनुसार जगातील गहू आणि तांदूळ यांच्या शिल्लक साठ्यांपैकी निम्म्याच्या आसपास, आणि मक्याच्या साठ्यापैकी सुमारे दोन तृतीयांश, एकट्या चीनच्या कोठारांत असतो. 1959 ते 1961 या काळातील भीषण दुष्काळाची आठवण असलेली पिढी अजून हयात आहे, आणि कोठारे भरलेली ठेवण्याच्या या हट्टामागे ती आठवण निश्चितच आहे.

मग अडचण कुठे येते? 2024 साली चीनने सुमारे 10.5 कोटी टन सोयाबीन आयात केले, तर देशात पिकले जेमतेम दोन कोटी टन. हे नकळत घडलेले नाही. 2001 साली जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश करताना चीनने गहू, मका आणि तांदूळ यांच्याभोवती कोट्याचे कुंपण कायम राखले: गव्हासाठी 96.36 लाख टन, मक्यासाठी 72 लाख टन आणि तांदळासाठी 53.2 लाख टन. या मर्यादेच्या आत साधारण एक टक्का आयातशुल्क आणि मर्यादेबाहेर 65 टक्के. सोयाबीनला मात्र कोणताही कोटा न ठेवता केवळ तीन टक्के शुल्कावर दार उघडून दिले. त्या वेळी अनेकांनी याला शरणागती म्हटले होते. मला तो त्या वाटाघाटीतील सर्वांत हिशेबी निर्णय वाटतो. चीनमध्ये सोयाबीनचे उत्पादन हेक्टरी सुमारे दोन टन, तर मक्याचे सुमारे साडेसहा टन येते. आज आयात होणारे सगळे सोयाबीन घरी पिकवायचे म्हटले तर पाच कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र लागेल. दुबार पिके धरून एकूण पेरणीचे क्षेत्र सुमारे 17 कोटी हेक्टर मानले, तरी त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका पिकाला द्यावा लागेल आणि तो मका, गहू किंवा भात यांच्या तोंडातून काढावा लागेल. म्हणून ज्या पिकाला जमीन सर्वाधिक लागते तेच बाहेरून आणायचे असे ठरले. जहाजातून येते ते सोयाबीन, पण व्यवहार असतो तो दुसऱ्याच्या जमिनीचा आणि दुसऱ्याच्या पावसाचा.

शंभर किलो सोयाबीनचे गाळप केले की अठरा-एकोणीस किलो तेल आणि ऐंशीच्या आसपास किलो पेंड मिळते. तेलाला पाम, मोहरी, सूर्यफूल असे पर्याय बाजारात सहज मिळतात. पेंडीला तसा पर्याय नाही, कारण एवढी प्रथिने, एवढ्या चांगल्या प्रतीची आणि एवढ्या प्रमाणात दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीजन्य पदार्थातून मिळत नाहीत. जगात खाल्ल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसापैकी सुमारे निम्मे चीनमध्ये खाल्ले जाते, आणि ते मांस मुख्यतः मका व सोयापेंड यांच्यावर वाढते.

व्यापारयुद्धाचा पहिला घाव म्हणूनच सोयाबीनवर बसला. 2018 च्या जून महिन्यात ‘पीक पेगासस’ नावाचे मालवाहू जहाज सुमारे 70,000 टन अमेरिकी सोयाबीन घेऊन सिअ‍ॅटलहून चीनच्या दालियान बंदराकडे निघाले होते. 6 जुलैला नवे 25 टक्के शुल्क लागू होणार होते आणि त्याआधी माल उतरवण्यासाठी जहाजाने वेग वाढवला. चिनी समाजमाध्यमांवर लोक एखाद्या शर्यतीसारखा त्याचा माग काढत होते. जहाज काही तासांनी चुकले आणि पुढे सुमारे महिनाभर चीनजवळच्या ‘पीत समुद्रा’त (यलो सी) घिरट्या घालत राहिले. शेवटी ऑगस्टमध्ये माल उतरवला गेला. मालाच्या मालकाने महिनाभराचे जहाजभाडे का सोसले, हे या धंद्यातल्या माणसाला लगेच कळते: शुल्काची रक्कम लाखो डॉलरच्या घरात जाणारी होती आणि त्यापुढे रोजचे भाडे किरकोळच होते.

2017 साली चीनने अमेरिकेकडून 3.29 कोटी टन सोयाबीन घेतले होते. 2018 साली ते 1.66 कोटी टनांवर आले. एवढी मोठी तूट पडूनही चिनी पशुपालन का कोलमडले नाही, याचे उत्तर देताना बहुतेक लेखांत ब्राझीलचे नाव येते आणि ते बरोबरही आहे. पण तेवढेच सांगणे अपुरे आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये ल्याओनिंग प्रांतात आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा पहिला रुग्ण-कळप सापडला आणि पुढच्या वर्षभरात देशातील डुकरांची संख्या सुमारे 40 टक्क्यांनी घटली. खाणारी तोंडेच कमी झाल्यामुळे पेंडीची मागणी खाली आली आणि सोयाबीनची टंचाई जेवढी जाणवायला हवी होती तेवढी जाणवली नाही. त्याच वेळी डुकराच्या मांसाचे भाव दुपटीच्या आसपास गेले आणि सरकारला राखीव साठ्यातील गोठवलेले मांस बाजारात आणावे लागले. त्यामुळे चीनने पहिले व्यापारयुद्ध सहज पचवले, असा निष्कर्ष काढताना या रोगाला विसरू नये. मागणी भरात असती तर चित्र वेगळे दिसले असते, असे माझे मत आहे.

ब्राझील या खेळात कसा आला, त्याची कथा याहून जुनी आहे. 1973 च्या जूनमध्ये देशांतर्गत भाव आवरण्यासाठी अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. बंदी फार दिवस टिकली नाही, पण जवळजवळ सगळे सोयाबीन अमेरिकेकडून घेणाऱ्या जपानने तिचा धसका घेतला. त्यातून जपानने ब्राझीलच्या सेर्रादो या आम्लयुक्त, ओसाड समजल्या जाणाऱ्या पठारी प्रदेशात शेतीविकासासाठी भांडवल आणि तंत्रज्ञान ओतले. चुना टाकून जमिनीची आम्लता घटवली गेली आणि उष्ण कटिबंधात तग धरणारी सोयाबीनची वाणे ब्राझीलच्या संशोधकांनी तयार केली. 1980 साली सोव्हिएत संघावर अमेरिकेने धान्यबंदी घातली तेव्हाही मॉस्कोने अर्जेंटिनाकडे मोर्चा वळवला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेला ती बंदी उठवावी लागली. विकणाऱ्याने अन्नाचे शस्त्र केले की घेणारा दुसरा विक्रेता उभा करतो, आणि तो विक्रेता नंतर बाजारातून जात नाही. 2024 साली चीनने आयात केलेल्या सोयाबीनपैकी सुमारे 71 टक्के ब्राझीलचे होते आणि अमेरिकेचा वाटा 21 टक्क्यांवर आला होता.

2025 मध्ये हाच प्रकार पुन्हा झाला. नव्या शुल्कयुद्धात चीनने अमेरिकी सोयाबीनची खरेदी जवळपास थांबवली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेकडून एक टनही आयात झाली नाही. याच महिन्यात अर्जेंटिनाने निर्यातकर काही दिवसांपुरता शून्यावर आणला आणि चिनी खरेदीदारांनी तेथे भराभर सौदे केले. 30 ऑक्टोबरला बुसान येथे दोन्ही राष्ट्राध्यक्षांची भेट झाल्यावर अमेरिकेने जाहीर केले की चीन त्या वर्षाअखेरपर्यंत 1.2 कोटी टन आणि पुढील तीन वर्षे दरवर्षी किमान 2.5 कोटी टन सोयाबीन घेईल. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण 2017 च्या खरेदीपेक्षा तो कमीच आहे. चीनला तडजोड का करावी लागली, याची कारणे बरीच आहेत आणि त्यांतील बहुतेक शेतीबाहेरची आहेत. शेतीतले कारण हंगामाचे आहे. ब्राझीलचे पीक फेब्रुवारीपासून निघते आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत तेथील निर्यातयोग्य माल आटत येतो. अमेरिकेची कापणी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात असते. ती तीन-चार महिन्यांची फट सरकारी साठ्यातून एखाद-दुसऱ्या वर्षी भरून काढता येते, दरवर्षी नाही.

आता माझ्या कामाच्या जवळचा भाग, म्हणजे पेंडीचा वापरच कमी करण्याचा प्रयत्न. चीनच्या कृषी मंत्रालयाने 2023 साली एक कृती आराखडा काढला. पशुखाद्यातील सोयापेंडीचे प्रमाण 2022 साली 14.5 टक्के होते, ते 2025 पर्यंत 13 टक्क्यांच्या खाली आणायचे उद्दिष्ट त्यात होते. हे शक्य आहे, कारण डुकराला प्रथिने हवी असतात असे आपण सोयीसाठी म्हणतो. प्रत्यक्षात त्याला ठरावीक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, हवी असतात आणि त्यांतले सर्वांत आधी कमी पडते ते लायसिन. धंद्यातला जुना ठोकताळा असा की मर्यादित प्रमाणापर्यंत शंभर किलो सोयापेंडीची जागा 97 किलो मका आणि तीन किलो लायसिन घेऊ शकतात. त्या मर्यादेपलीकडे गेले की थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन अशी एकेक अमिनो आम्ले वेगळी घालावी लागतात, खाद्याचा खर्च चढतो आणि लहान पिल्लांची वाढ मंदावू लागते. मोहरीची किंवा सरकीची पेंड घालावी म्हटले, तर सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते आणि मोहरीच्या पेंडीत तंतू व कडवट द्रव्ये जास्त. डुकराच्या खाद्यात त्यांना हात आखडूनच घालावे लागते.

त्या ठोकताळ्याकडे पुन्हा एकदा पाहावे. शंभर किलो पेंड वाचवायची तर 97 किलो मका लागतो, आणि लायसिनही मक्याच्या स्टार्चवर जिवाणू वाढवूनच तयार होते. म्हणजे वाचवलेले सोयाबीन मक्याच्या अंगावर येते. तो मकाही 2021 साली चीनने कोटा बाजूला ठेवून 2.8 कोटी टनांच्या आसपास आयात केला होता, मुख्यतः अमेरिका आणि युक्रेन येथून. पुढे युद्धामुळे युक्रेनचा भरवसा राहिला नाही आणि 2023 पर्यंत मक्यातही ब्राझील पहिल्या क्रमांकावर आला. आयात टाळून मका घरीच वाढवायचा तर प्रश्न पुन्हा चीनच्या स्वतःच्या मातीकडे आणि पाण्याकडे येतो. व्यापारतंट्यावरील चर्चेत हा दुवा सहसा सुटतो, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

चीनचे पाणी मुख्यतः दक्षिणेत आहे आणि धान्य आता मुख्यतः उत्तरेत पिकते. एके काळी दक्षिणेचा तांदूळ उत्तरेकडे जात असे. दक्षिणेच्या किनारी प्रांतांत कारखाने आणि शहरे वाढली, भातखाचरे बुजली आणि धान्याचा प्रवाह उलटा फिरला. आज ईशान्येकडील हेइलोंगच्यांग हा सर्वाधिक धान्य पिकवणारा प्रांत आहे. उत्तर चीनच्या मैदानात, म्हणजे हपै, हनान, शानतोंग या पट्ट्यात, हिवाळी गहू आणि त्यानंतर उन्हाळी मका असे दुबार पीक घेतले जाते. पाऊस पडतो तो जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि गहू शेतात उभा असतो ऑक्टोबर ते जून. त्यामुळे गव्हाची तहान विहिरी आणि कूपनलिका यांच्यावर भागते, आणि अनेक दशकांच्या उपशाने तेथील भूजल पातळी खोल गेली आहे. पीत नदीची स्थिती अशी होती की 1997 साली तिचे पाणी 226 दिवस समुद्रापर्यंत पोचले नाही. नंतर पाणीवाटपाचे नियम कडक केल्यावर ती पुन्हा वाहू लागली. दक्षिणेचे पाणी उत्तरेला नेणाऱ्या प्रकल्पाचा मधला कालवा 2014 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला आणि दानच्यांगखौ जलाशयाचे पाणी हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून पेइचिंगला पोचू लागले, पण ते पाणी मुख्यतः शहरांसाठी आहे. कालव्यातून दक्षिणेचे पाणी उत्तरेला जाते आणि रेल्वेने उत्तरेचे धान्य, म्हणजे पर्यायाने उत्तरेचे पाणीच, दक्षिणेला येते.

मातीचेही तसेच आहे. 2014 साली सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय माती पाहणीत शेतजमिनीच्या 19.4 टक्के नमुन्यांत प्रदूषण मर्यादेपलीकडे आढळले. त्याच्या आदल्या वर्षी क्वांगचौच्या बाजारात कॅडमियम या विषारी धातूचा अंश असलेला तांदूळ सापडून खळबळ उडाली होती. ईशान्येकडील काळ्या मातीचा थर धुपून पातळ होत असल्यामुळे 2022 साली तिच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यामुळे 12 कोटी हेक्टरांची लाल रेषा कागदावर अबाधित असली, तरी तिच्या आतल्या प्रत्येक हेक्टरची किंमत सारखी नाही. शहरालगतची उत्तम जमीन बांधकामाला जाते आणि भरपाई म्हणून कुठेतरी डोंगरउतारावरची जमीन शेतीखाली दाखवली जाते, हे सरकारनेही मान्य केले असून अन्नसुरक्षेचा जो कायदा 1 जून 2024 पासून लागू झाला, त्यात अशा भरपाईच्या जमिनीच्या प्रतीवर भर दिला आहे.

चीन केवळ सोसणारा पक्ष आहे, असे मात्र समजू नये. सर्वांत मोठा ग्राहक असणे हीही एक ताकद असते आणि ती त्याने वापरली आहे. 2020 च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या जवावर एकूण 80 टक्क्यांहून अधिक शुल्क लावले गेले आणि ते 2023 पर्यंत टिकले. 2025 च्या मार्चमध्ये कॅनडाच्या कॅनोलाचे (मोहरीच्या जातीचे तेलबी) तेल व पेंड आणि वाटाणा यांवर 100 टक्के शुल्क बसवले गेले, तेही कॅनडाने चिनी विद्युत मोटारींवर लावलेल्या शुल्काचा बदला म्हणून. 2021 च्या ऑक्टोबरपासून खतांच्या निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांची झळ भारतासह अनेक देशांना बसली. या व्यवहारात सोवळे कोणीच नाही.

तेव्हा युद्ध लांबले तर काय होईल? भाताची वाटी भरलेली राहील. डुकराचे मांस आणि अंडी महागतील, आणि चिनी सरकार महागाईला भुकेइतकेच गंभीर मानते, म्हणून ते साठे सोडेल, ब्राझील-अर्जेंटिनाला जास्त भाव देईल आणि खाद्यातली पेंड आणखी एखाद-दोन टक्क्यांनी कमी करायला लावेल. ही सगळी उपाययोजना काही वर्षे चालू शकते. तिची मर्यादा मला हपै प्रांतात दिसते. तेथे 2014 पासून भूजल वाचवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्याअंतर्गत हिवाळी गहू न पेरता जमीन तो हंगाम पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दर मूमागे, म्हणजे हेक्टरच्या पंधराव्या भागामागे, 500 युआन दिले जाऊ लागले. एका बाजूला देशभर धान्याखालचे क्षेत्र वाढवण्याचा आदेश आणि दुसऱ्या बाजूला गहू न पेरण्यासाठी अनुदान, अशी दोन्ही धोरणे आज एकत्र चालतात, याचे कारण पशुखाद्याचा मोठा भार परदेशातील जमीन उचलते आहे. तो भार घरच्या शेतीवर आला, तर हपैच्या शेतकऱ्याला मिळणारे ते 500 युआन आधी बंद होतील आणि त्याच्या शेतातील पंप पुन्हा सुरू होतील.